साखरेच्या पिशव्या, टेलरकाका आणि माझी पाण्याची व्हेस्ट

८ जून २०२५, रविवार. दुपारी जेवणं उरकल्यावर मी फोनवरून ५० किलोमीटरच्या ट्रेल, म्हणजे डोंगरातल्या पायवाटांवरच्या, शर्यतीचा अर्ज भरला, साडेचार हजार रुपये भरले आणि पैसे गेल्याचा मेसेज आल्यावर नियमावली वाचायला घेतली. बँकेत अठरा वर्षं लोकांना "आधी वाचा, मग सही करा" सांगत आलेय. स्वतःवर वेळ आली की असं.

शर्यत डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी, सह्याद्रीच्या डोंगरात, मुदत १२ तास. पाणी भरायच्या जागा आठ ते दहा किलोमीटर अंतरावर. कागदी किंवा प्लॅस्टिकचे पेले मिळणार नाहीत, आपला पेला आपण आणायचा. आणि सक्तीच्या सामानाच्या यादीत पहिलीच ओळ होती: किमान दीड लिटर पाणी अंगावर वाहून नेण्याची सोय.

मी रस्त्यावर पळणारी बाई. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईला पहिली पूर्ण मॅरेथॉन केली होती, तीही हात हलवत. रस्त्यावरच्या शर्यतीत दर थोड्या अंतरावर टेबल मांडलेलं असतं, कोणीतरी पेला पुढे करतं, वर "कमॉन मॅडम" म्हणतं. पाणी वाहायचं असतं हे डोक्यातच कधी आलं नव्हतं. सराव पुण्यात सिंहगड रोडवर, आणि तिथे तहान लागली तर दर कोपऱ्यावर टपरी.

पहिले दोन आठवडे मी फुकटातले उपाय करून पाहिले. हातात अर्ध्या लिटरची बाटली धरून पळाले, तर उजवा खांदा दोन दिवस धरला. कमरेचा पट्टा मैत्रिणीकडून आणला, त्यात दोन छोट्या बाटल्या. तो पळताना वर सरकून थेट बरगड्यांखाली येऊन बसायचा आणि मी दर दोनशे मीटरला परकर सावरावा तसा तो खाली ओढायची. शेवटी मुलाची शाळेची छोटी सॅक घेऊन वेताळ टेकडीवर गेले. आत एक लिटरची बाटली. पाठीवर ती बाटली अशी नाचली की मागून कोणी धपाटे घालतंय असं वाटावं.

२२ जूनला आमच्या पळायच्या ग्रुपमधल्या एका दादांनी त्यांची व्हेस्ट, म्हणजे पाणी घेऊन पळायचं बिनबाह्यांचं जाकीट, एका रविवारपुरती दिली. पुढे दोन खिसे, त्यात फ्लास्क, म्हणजे मऊ प्लॅस्टिकच्या बाटल्या. पाठीवर पातळ कप्पा, त्यात पाण्याची पिशवी, म्हणजे ब्लॅडर, आणि तिची नळी खांद्यावरून छातीपाशी आलेली. पाणी पाठीला आणि छातीला चिकटून असतं, त्यामुळे सॅकसारखं हिंदकळत नाही. पहिले तीन किलोमीटर मला वाटलं, झालं, प्रश्न सुटला. सोळाव्या किलोमीटरला घरी आले तेव्हा दोन्ही गळपट्ट्यांच्या हाडांवर लाल पट्टे आणि डाव्या काखेत सोललेलं. आंघोळीचं पाणी लागल्यावर बाथरूममधून जो आवाज आला त्यावरून नवऱ्याने दार वाजवलं.

ती व्हेस्ट पुरुषांची, मीडियम मापाची होती. दादांना चपखल. मला ती छातीवर सैल आणि खांद्यावर रुंद. पट्टे आवळले की फ्लास्क नको तिथे दाबायचे, सैल सोडले की सगळंच उड्या मारायचं. हे बायकांच्या लक्षात आणून द्यायचं म्हणून स्पष्ट लिहितेय, कारण मी वाचलेल्या कुठल्याही माहितीत हे कोणी नीट सांगितलं नव्हतं: पुढच्या खिशात अर्धा-अर्धा किलो पाणी भरलं की ते जाणार कुठे, हा प्रश्न पुरुषांना पडतच नाही.

मग दोन आठवडे वाचन. त्यातली एक गोष्ट आधीच सांगते, कारण मी त्यात फसले होते. व्हेस्टच्या नावापुढे ५ लिटर, ८ लिटर, १२ लिटर लिहिलेलं असतं. ते पाण्याचं माप नाही, सगळ्या खिशांत मिळून किती सामान मावेल त्याचं आहे. मी आपली "पाच लिटर पाणी घेऊन कोण पळतं बाई" म्हणत पाच लिटरवाल्या सगळ्या व्हेस्ट बाजूला काढत होते. पाणी किती मावेल ते फ्लास्क आणि ब्लॅडरवर ठरतं. बहुतेक ठिकाणी पुढे अर्ध्या लिटरचे दोन फ्लास्क आणि मागे दीड किंवा दोन लिटरचं ब्लॅडर. ब्लॅडर पुष्कळदा वेगळं विकत घ्यावं लागतं, तेव्हा किंमत पाहताना तेही धरा.

या पिशवीचा उगम वाचताना मजा वाटली. अमेरिकेत टेक्सासच्या रणरणत्या उन्हात होणाऱ्या शंभर मैलांच्या सायकल शर्यतीत मायकेल आयडसन नावाच्या माणसाने सलाइनची पिशवी पाण्याने भरली, एका लांब मोज्यात कोंबली, ती पाठीवर शर्टाला अडकवली आणि नळी खांद्यावरून पुढे घेतली. तो रुग्णवाहिकेवर काम करायचा, म्हणून त्याला सलाइन सुचलं. १९८० च्या दशकाच्या अखेरीची ही गोष्ट. त्यातूनच पुढे कॅमलबॅक कंपनी निघाली. मोज्यातलं सलाइन बघून त्याच्या सोबतचे सायकलवाले किती हसले असतील.

१२ जुलैला मी ऑनलाइन व्हेस्ट मागवली. बायकांसाठीची, ६,४९९ रुपये. मापाच्या तक्त्यात छातीचा घेर विचारला होता. मी घरातली टेप घेतली, कुर्त्यावरूनच माप घेतलं, ३६ आलं, मीडियम मागवली. पाच दिवसांनी पार्सल आलं. फ्लास्क धुतले, पाण्याने भरले, सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन चकरा मारल्या. सैल. पट्टे शेवटच्या टोकापर्यंत ओढूनही सैल.

परतीची मुदत दहा दिवसांची होती, म्हणून निर्धास्त होते. चौथ्या दिवशी कुरियरचा मुलगा येऊन पार्सल घेऊन गेला, आणि त्यानंतर आठ दिवसांनी तेच पार्सल परत दारात. सोबत मेल: फ्लास्कमध्ये पाण्याचा अंश आढळला, वस्तू वापरलेली असल्याने परतावा नाकारण्यात येत आहे. मी मेल केला की पाणी भरल्याशिवाय पाण्याची व्हेस्ट बसते की नाही हे कळणार कसं? उत्तर आलं, तक्रार क्रमांकासकट. दुसऱ्या मेलला दुसरा तक्रार क्रमांक. तीन क्रमांक जमल्यावर मी नाद सोडला. नियम त्यांच्या पानावर लिहिलेला होता, अगदी खाली, बारीक अक्षरात. मी वाचला नव्हता, हे दुसऱ्यांदा.

तर पहिली कामाची गोष्ट. घरी मागवलेल्या व्हेस्टच्या फ्लास्कला हात लावू नका, त्यावरचं वेष्टनही काढू नका. पुढच्या दोन खिशांत अर्ध्या किलोची साखरेची एकेक बंद पिशवी ठेवा आणि मागच्या कप्प्यात एक किलो तांदूळ. वजन जवळजवळ तेवढंच होतं आणि पाण्याचा थेंबही लागत नाही. घरातल्या घरात जागेवर दहा मिनिटं उड्या मारा. सासूबाई बघत असतील तर आधी कल्पना द्या. मी दिली नव्हती.

ती व्हेस्ट ग्रुपवर टाकली आणि ४,८०० ला एका उंच मुलीने घेतली. १,६९९ रुपयांचा भुर्दंड.

दुसरी गोष्ट टेलरकाकांकडून शिकले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गणपतीसाठी ब्लाउज शिवायला टाकायला गेले होते. गेली बारा वर्षं ते माझे ब्लाउज शिवतात. सहज म्हटलं, काका, घरी माप घेतलं ते चुकलं बघा. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "कशावरून घेतलंत? कुर्त्यावरून? आणि आत काय होतं?" पळताना जे घालता तेच आत घालून या, म्हणाले. दुसऱ्या दिवशी स्पोर्ट्‌स ब्रा आणि पळायचा बनियन घालून गेले. त्यांच्या पत्नीने माप घेतलं: छातीच्या भरावर ३४, खाली बरगड्यांवर २९. श्वास सोडून एक, भरून एक. "भरून घेतलेलं दीड इंच जास्त येतंय, तेवढी ढील पट्ट्यात हवी," काका म्हणाले. आयुष्यात कधी पळाले नसतील, पण मापातली गोम त्यांना पहिल्या मिनिटात कळली. काही कंपन्या भरावरचा घेर विचारतात, काही काखेखालचा. तक्त्याशेजारच्या चित्रात रेघ कुठून गेलीय ते नीट पाहा. मी आता चारही आकडे फोनमध्ये लिहून ठेवलेत.

१५ ऑगस्टची सुट्टी पकडून खेळाच्या सामानाच्या एका मोठ्या दुकानात गेले, यावेळी प्रत्यक्ष. सोबत अर्ध्या किलोच्या साखरेच्या दोन पिशव्या. तिथल्या मुलाने आधी संशयाने बघितलं, मग त्यालाच गंमत वाटली आणि तो आतून आणखी दोन मापं घेऊन आला. पाऊण तास लागला. चार व्हेस्ट घालून दुकानाच्या गल्लीतून पळून पाहिलं. एकीचा छातीवरचा पट्टा अगदी मधोमध यायचा, वर-खाली सरकायची सोयच नाही, ती बाद. एकीच्या गळ्याशी शिवण कडक होती. तिसरी छान होती पण मागच्या खिशात हात पोहोचत नव्हता, म्हणजे खाऊ काढायला प्रत्येक वेळी ती उतरवणं आलं. चौथी घेतली. बायकांसाठीची, स्मॉल, ८ लिटर, छातीवर दोन पट्टे, एक भराच्या वर आणि एक खाली, दोन्ही सरकणारे. फ्लास्क उंच आणि निमुळते, काखेच्या बाजूला कलते बसणारे. फ्लास्कसकट ४,९९९. दीड लिटरचं ब्लॅडर वेगळं, १,२९९. छातीच्या पट्ट्यावरच्या बकलला शिट्टी होती, मुलाने फुंकून दाखवली. ती पुढे महत्त्वाची ठरली.

पहिले काही दिवस पाण्याला रबरी वास यायचा. गरम पाणी ओतायचा मोह होतो, तो टाळा, मऊ प्लॅस्टिकचे सांधे सुटतात. खायचा सोडा घालून कोमट पाणी रात्रभर ठेवलं, सकाळी लिंबू पिळून एकदा खळबळलं. तीन वेळा केल्यावर वास गेला.

मग आवाज. ब्लॅडर भरून पहिल्यांदा पळाले तर पाठीवर डबक् डबक् डबक्, जणू कोणी हंडा घेऊन मागे लागलंय. सिंहगड रोडवर एका पोराने विचारलंच, "काकू, डिलिव्हरी कुठाय?" आवाज पाण्याचा नसतो, आत राहिलेल्या हवेचा असतो. भरून झाकण लावलं की ब्लॅडर उलटं करायचं, म्हणजे नळीचं तोंड वर येईल, आणि नळीतून हवा ओढून घ्यायची. तोंडात पाणी आलं की थांबायचं. फ्लास्कचंही तसंच, पहिला घोट हवेचा. हे दादांनी फोनवर दोन वाक्यांत सांगितलं. मी त्याआधी आठवडाभर कानात गाणी लावून तो आवाज सहन केला होता.

जसं पाणी कमी होतं तशी व्हेस्ट सैल होते, हेही पळताना कळलं. दर अर्ध्या तासाने पट्टे बोटभर ओढायचे. आणि फ्लास्क आळीपाळीने प्यायचे. मी सवयीने उजवाच प्यायची, मग डावीकडे अर्धा किलो आणि उजवीकडे काहीच नाही, चाल तिरकी. व्हेस्ट बसली की लोक समजतात काम झालं. माझ्या मते तिथून सुरू होतं. पळता पळता, न थांबता, न ठसकता दोन घोट घेणं हे वेगळं शिकावं लागतं, आणि चढावर धापा टाकताना तर फारच. मी पहिले दोन रविवार श्वास आणि पाणी एकाच वेळी घेऊन खोकत होते. आता चढ संपला, चाल सुटली की दोन घोट, हे ठरलेलं आहे.

भाद्रपदातल्या पावसाने वेगळाच ताप दिला. चिखलातून आले, थकले होते, व्हेस्ट तशीच बाल्कनीत टाकली. चार दिवसांनी नळीत काळे ठिपके. आमच्याकडे लोणच्याच्या बरणीला बुरशी आली की जशी धावपळ होते तशी झाली. जाड दोऱ्याला कापडाची चिंधी बांधून नळीतून ओढून काढली, पाच-सहा वेळा. तेव्हापासून आले की आधी व्हेस्ट धुते, मग मी अंघोळ करते. ब्लॅडर आतून सुकत नाही, म्हणून त्यात लाकडी डाव उभा घालून दोरीवर टांगते. आणि आठवडाभर वापरायचं नसेल तर सरळ फ्रीझरमध्ये. थंडीत बुरशी वाढत नाही.

सप्टेंबरमध्ये मनात आलं की आपण पितोय ते बरोबर आहे का? १४ सप्टेंबरला घरच्या वजनकाट्यावर पळायच्या आधी कपडे न घालता वजन केलं, ५४.२. तासभर पळून, अंग पुसून पुन्हा, ५३.५. मधे ३०० मिलिलिटर प्यायले होते. म्हणजे तासाला साधारण एक लिटर घाम. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी करा, ऊन आणि दमटपणा यावर आकडा बराच बदलतो. माझा थंड सकाळी सहाशेच्या आसपास आला.

गेलेला घाम सगळाच्या सगळा पाण्याने भरून काढायचा नसतो, ही गोष्ट मला घाबरवून गेली ती एका अभ्यासामुळे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावकांचं रक्त तपासलं, त्यातल्या १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठाचा अंश, सामान्य पातळीच्या खाली गेलेलं होतं. शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं, म्हणजे जे घामापेक्षा जास्त प्यायले, त्यांना धोका अधिक होता. पाठीवर नळी लटकत असली की माणूस उगाच चोखत राहतो, मीही त्यातलीच. तेव्हापासून तहान लागेल तसं, छोटे घोट, आणि सोबत मीठ.

मिठासाठी मी साधं ओआरएस वापरते. औषधाच्या दुकानात मिळणारी एक लिटरची पुडी, मागे जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं पाहून. खोक्यात मिळणारी गोड पेयंही "ओआरएस" नावाने विकली जायची. हैदराबादच्या डॉ. शिवरंजनी संतोष त्याविरुद्ध कित्येक वर्षं भांडत होत्या, आणि ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ते नाव वापरायला मनाई केली. मी स्वतः दोन रविवार तसलं खोकं पिऊन पोटात गुडगुड करून घेतली होती, म्हणून बातमी वाचून बरं वाटलं.

एक शिस्त मात्र पाळा: ब्लॅडरमध्ये फक्त साधं पाणी, मीठ-साखर फ्लास्कमध्ये. गोड पाणी नळीत गेलं की ती साखर निघता निघत नाही. शिवाय पाय खरचटला तर धुवायला साधं पाणी लागतं.

१२ ऑक्टोबरला ग्रुपबरोबर कात्रज ते सिंहगड. कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशी, वाघजाईच्या देवळाजवळून पहाटे निघालो. लोक तेरा टेकड्या म्हणतात, माझे पाय त्या दिवशी वीस म्हणाले. वाटेत पाणी नाही, सावली नाही. दोन्ही फ्लास्क आणि दीड लिटरचं ब्लॅडर, म्हणजे अडीच लिटर, पुरेल असा हिशेब होता. नवव्या का दहाव्या टेकडीवर नळी चोखली आणि नुसतं फुर्रर्र. मागचं पाणी दिसत नाही ना! फ्लास्क चिपाडासारखा झाला की कळतं, ब्लॅडर शेवटपर्यंत गप्प राहतं. ऊन वर आलेलं, पुढे सिंहगडाचा मनोरा दिसतोय पण जवळ येत नाही. एका वीस-बावीस वर्षांच्या मुलाने "ताई, घ्या" म्हणून त्याचा अर्धा फ्लास्क माझ्यात ओतला. घाटरस्त्यावर उतरलो तेव्हा ताक विकणाऱ्या मावशींनी मला बघून न विचारता दोन ग्लास पुढे केले. "जाकीट घालून उन्हात कशाला फिरता गं?" त्यांनी विचारलं. जाकिटात पाणी होतं, संपलं, असं सांगितल्यावर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

त्या दिवशी क्रम ठरवला: आधी ब्लॅडर प्यायचं, फ्लास्क राखून ठेवायचे. मागचं संपलं की पुढे एक लिटर दिसतंय, त्यावर पुढची जागा गाठायची. शर्यतीत हाच क्रम कामी आला.

दिवाळीनंतर शर्यतीची कागदपत्रं. मागच्या शर्यतीचं वेळेसह प्रमाणपत्र आणि डॉक्टरांचा दाखला, ६० दिवसांच्या आतला. आमच्या डॉक्टरांनी ईसीजी काढायला सांगितला, तो नॉर्मल आला, त्यांनी लेटरहेडवर दोन ओळी लिहून दिल्या. दोन्ही मिळून ७५० रुपये. १० नोव्हेंबरला अपलोड केलं, १७ ला "नामंजूर" आलं. कारण: नोंदणी क्रमांक नाही. लेटरहेडवर छापलेला होता, पण त्यांना सहीखाली शिक्क्यात हवा होता. पुन्हा दवाखाना, पुन्हा रांग, चाळीस मिनिटांनी एक शिक्का. दुसऱ्यांदा पाठवलेलं २१ तारखेला मंजूर. तेव्हा दाखला काढतानाच सही, शिक्का, नोंदणी क्रमांक, तारीख आणि अंतराचा उल्लेख, पाचही गोष्टी दवाखान्यातून पाय बाहेर काढायच्या आधी तपासा. आणि शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

१३ डिसेंबर, शनिवार. बिब, म्हणजे छातीवर लावायचा शर्यतीचा नंबर, घ्यायला गेलो तिथे टेबलावर सगळं सक्तीचं सामान मांडून दाखवायचं. रांग दीड तासाची. माझ्या पुढच्या माणसाचं पातळ चंदेरी ब्लँकेट घरी राहिलं होतं, तो बिचारा बाहेर विकायला बसलेल्या मुलाकडून दुप्पट भावाने घेऊन आला. माझं ब्लँकेट २४९ चं, हेडलॅम्प घरचाच. माझी पाळी आली. पाण्याची सोय ठीक, पेला ठीक. शिट्टी? मी बकल दाखवलं. तपासणाऱ्या मुलीने फुंकायला सांगितलं. फुंकलं तर नुसती हवा. चार महिन्यांचा चिखल त्या इवल्याशा भोकात जाऊन बसला होता. मागची रांग हसली, मीही हसले, पण पोटात गोळा आला. शेजारच्या दुकानातून खेळाच्या सरांची असते तसली शिट्टी आणली, ८० रुपये, दोरीने व्हेस्टला बांधली.

शर्यतीबद्दल फार लिहीत नाही, त्यावर लिहिणारे बरेच आहेत. पहाटे पाचला अंधारात सुटलो. थंडी होती, ती आठपर्यंत टिकली. काखेत, गळपट्टीवर आणि ब्राच्या पट्टीखाली व्हॅसलीन भरपूर लावलं होतं, गळपट्टीच्या हाडावर कागदी चिकटपट्टीही. खोबरेल तेल लावू नका, ते तासाभरात घामाबरोबर निघून जातं. कारवीच्या वाळक्या काड्यांमधून जाताना व्हेस्टची जाळी दोनदा अडकली, एका ठिकाणी बोटभर फाटली. अकरानंतर उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, ऊन असं पडलं की बघता बघता पुढचे दोन्ही फ्लास्क रिकामे झाले.

पाण्याच्या जागेवर माझं एक निरीक्षण झालं. लोक ब्लॅडर भरायला व्हेस्ट उतरवतात, सगळं सामान बाहेर काढतात, भरतात, मग ते भरलेलं ब्लॅडर पुन्हा आत जात नाही, नळी अडकते. सहा-सात मिनिटं सहज जातात. मी पहिल्या दोन थांब्यांवर फक्त फ्लास्क भरले, मिनिटभरात बाहेर. ब्लॅडर एकदाच, तिसऱ्या थांब्यावर, जिथे तसंही बसून उकडलेला बटाटा-मीठ खायचं होतं. ओआरएसची पुडी आदल्या रात्री अर्धी-अर्धी करून छोट्या पिशव्यांत बांधली होती, एका फ्लास्कला एक. डोंगरावर, थरथरत्या बोटांनी, वाऱ्यात पुडी फाडायची म्हणजे अर्धी नाकात जाते.

चाळीस किलोमीटरनंतर मांड्या बोलायच्या बंद झाल्या होत्या. पण सबंध दिवसात एकदाही मला व्हेस्टची आठवण झाली नाही, फक्त पाणी प्यायचं तेव्हा हात आपोआप तिकडे जायचा. १० तास ४१ मिनिटांनी संपवलं. घरी येऊन आरशात पाहिलं तर लाल पट्टे नव्हते. काखेत किंचित, तेही दोन दिवसांत गेलं.

वहीतला हिशेब, कोणाला उपयोगी पडेल म्हणून: पहिल्या व्हेस्टचा भुर्दंड १,६९९, दुसरी ४,९९९, ब्लॅडर १,२९९, ब्लँकेट २४९, शिट्टी ८०, डॉक्टर आणि ईसीजी ७५०, नोंदणी ४,५००. एकूण १३,५७६. ताक धरलेलं नाही. शर्यतीत दीड लिटरची अट नसती, तर टेकडीवरच्या रोजच्या दहा-बारा किलोमीटरसाठी एवढा खर्च करायला मी कोणालाही सांगितलं नसतं. तिथे हातातली एक बाटली पुरते.

जाळी फाटली होती ती डिसेंबरअखेर टेलरकाकांकडे शिवायला नेली. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली, शिवण बोटाने चाचपली आणि म्हणाले, सोमवारी या. सोमवारी गेले तर दुकानात आमच्या ग्रुपमधली एक मुलगी उभी, स्पोर्ट्‌स ब्रा आणि बनियन घालून, हात वर करून. काकांची पत्नी टेप गुंडाळत होती आणि काका पेन्सिल कानावरून काढत विचारत होते, "श्वास सोडून किती आलं?"